पावसाळ्यात फायबर होडीचा तळ सांधताना

जुन्या पॅचच्या कडेला पटाशीचं टोक घालून उचकटलं आणि तव्यावरून भाकरी सुटावी तसा तो अख्खा हातात आला. तळहाताहून थोडा मोठा, साडेतीन मिलिमीटर जाड. दगडावर आपटला तर खणखणीत आवाज. रेझिन (काचेच्या धाग्यांना बांधणारा, नंतर कडक होणारा चिकट द्रव) व्यवस्थित कडक झालेलं होतं, मॅटही (तुटक काचेच्या धाग्यांची चादर) नीट भिजलेली होती. उलटा करून पाहिला तेव्हा दोष दिसला. मागची बाजू गुळगुळीत, आणि होडीच्या जुन्या निळ्या रंगाचा पापुद्रा तिला जसाच्या तसा चिकटलेला. खालच्या ओल्या फायबरला व्हिनेगरसारखा आंबूस वास. म्हणजे पॅच होडीला लागलाच नव्हता, तो रंगाला लागला होता. रंग सुटला, पॅच सुटला, आणि मधल्या फटीतून महिनोन्‌महिने खारं पाणी आत झिरपत राहिलं.

होडी २८ फुटी, उघडी, आउटबोर्डवर, म्हणजे मागे बाहेर लावलेल्या इंजिनावर चालणारी. तळ एकसंध फायबरचा, आत प्लाय किंवा फोम नाही, जाडी ७ मिलिमीटर. वाळूवरून ओढताना खडक लागून कण्याच्या बाजूला भोक पडलेलं, त्यावर हा पॅच. कोकणात अशी कामं हटकून मे-जूनमध्येच निघतात, कारण यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि होड्या तेव्हाच वर येतात. रेझिनला कोरडी हवा लागते आणि होडी मोकळी मिळते ती वर्षातल्या सगळ्यात दमट दिवसांत. या एका अडचणीभोवती पुढचं सगळं काम फिरतं. दमट हवेवर उतारा म्हणून हार्डनर (रेझिन कडक करणारं रसायन) वाढवायची सवय किनाऱ्यावर सर्रास दिसते. ओलाव्याची उणीव हार्डनरने भरून निघत नाही. तो ओलावा आधी काढावाच लागतो.

सुरुवात रेझिनच्या निवडीपासून. दुकानात नुसतं ‘फायबरचं रेझिन द्या’ म्हटलं की जीपी म्हणजे सर्वसाधारण कामाचं ऑर्थो पॉलिएस्टर हातात पडतं. छत, टाकी, पाण्याच्या वरचा भाग यांना ते चालतं. तळाला आम्ही ते वापरत नाही, कारण सतत पाण्यात राहिल्यावर ते इतरांपेक्षा जास्त पाणी शोषतं आणि काही वर्षांनी फोड धरायला लागतं. आयसो पॉलिएस्टर पाण्याला बऱ्यापैकी टिकतं आणि नव्या होडीच्या तळाला उत्तम. पण दुरुस्तीत प्रश्न नुसता टिकण्याचा नसतो, जुन्या फायबरला धरण्याचाही असतो. जुनं फायबर पूर्ण कडक झालेलं असतं. नवं रेझिन त्याच्याशी रासायनिक जोड करत नाही, खरवडलेल्या पृष्ठभागाला फक्त चिकटून धरतं. ही पकड पॉलिएस्टरची बेताची, व्हिनाइल एस्टर या महाग रेझिनची चांगली, इपॉक्सी या अगदी वेगळ्या जातीच्या रेझिनची सगळ्यात चांगली.

मग सरळ इपॉक्सीच का नको? ते अगदी वापरावं, पण तीन गोष्टी पत्करून. एक म्हणजे नेहमीची चॉप्ड मॅट त्यात नीट भिजत नाही. मॅटच्या धाग्यांना बांधणारा चिकटा पॉलिएस्टरमधल्या स्टायरीन या उग्र वासाच्या द्रवाने विरघळतो, इपॉक्सीत स्टायरीन नसतं, त्यामुळे मॅट ताठच राहते. इपॉक्सीला विणलेलं किंवा शिवलेलं कापड लागतं. दुसरं, दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट थर येतो. तो पाण्याने आणि हिरव्या घासणीने धुऊन काढल्याशिवाय पुढचा थर धरत नाही. तिसरं, पॉलिएस्टरवर इपॉक्सी बसतं, पण इपॉक्सीवर पॉलिएस्टर आणि जेलकोट (रेझिनचाच सगळ्यात वरचा रंगीत थर) भरवशाने बसत नाहीत. पुढच्या वर्षी त्याच जागी दुसऱ्या कोणी आयसो मारलं तर ते सुटणार. इपॉक्सीत हार्डनरचं प्रमाणही ठरलेलं असतं. ते उत्प्रेरक नसून रेझिनचा भागीदार असतं, म्हणून लवकर व्हावं यासाठी जास्त आणि वेळ मिळावा यासाठी कमी असं तिथे करताच येत नाही.

या होडीला आम्ही व्हिनाइल एस्टर घेतलं. ते महाग असतं, पण इथे लागणार होतं जेमतेम किलोभर, तेव्हा किमतीतला फरक होडी पुन्हा वर ओढायच्या मजुरीपुढे काहीच नाही. डबा घेताना झाकणावरची तारीख वाचायलाच हवी. व्हिनाइल एस्टर साधारण तीन महिने टिकतं, पॉलिएस्टर तीन ते सहा, आणि तेही २५ अंशांच्या आसपास ठेवलं तर. एप्रिल-मे भर पत्र्याखाली पडलेला डबा तारखेच्या आतही बिघडलेला असू शकतो. काठी बुडवून उचलली की धार तुटता तुटता गाठी दिसल्या, तळाशी जेलीसारखं लागलं, तर तो डबा परत करावा.

होडी मे अखेरीस वर आली ती टायरवर कलती करून घेतली, म्हणजे तळाचा दुखरा भाग डोक्यावर न राहता छातीच्या उंचीला समोर आला. डोक्यावर हात करून मॅट मारणं शक्य असतं, पण रेझिन गळतं, मॅट लोंबते आणि हवा अडकते. होडी कलती करायला लागणारा अर्धा तास वाया जात नाही. वर ताडपत्रीचं छप्पर, तिन्ही बाजू बंद, एक बाजू हवेला मोकळी.

मग धुणं. गोड्या पाण्याने, भरपूर, आठवडाभर रोज. मीठ राहिलं तर ते हवेतलं पाणी ओढून घेत राहतं आणि फायबर कधीच कोरडं होत नाही. आंबूस पाणी गळणारे फोड असतील तर ते फोडून, उघडे करून धुवावे. त्यानंतर सुकवणं, आणि हाच भाग सगळ्यात जास्त वेळ खातो. आम्ही ५०० वॅटचा हॅलोजन दोन-अडीच फुटांवर ठेवला. हाताचा तळवा लावून धरवेल इतपतच तापू द्यायचं, फायबर भाजायचं नाही. स्टोव्ह किंवा शेगडी अजिबात नको: जळताना ती स्वतःच वाफ सोडते, आणि स्टायरीन-अ‍ॅसिटोनच्या जागी उघडी आग म्हणजे जिवाशी खेळ.

सुकलं का हे ओळखायची साधी रीत आहे. फूटभर चौरस पातळ प्लॅस्टिक घ्यायचं, चारही कडा टेपने घट्ट चिकटवायच्या आणि रात्रभर सोडायचं. सकाळी आतून धुकं किंवा थेंब दिसले तर फायबरमध्ये पाणी आहे. आमचं पहिलं प्लॅस्टिक सहाव्या दिवशी लावलं, सकाळी आत मोहरीएवढे थेंब होते. दुसरं दहाव्या दिवशी लावलं, कोपऱ्यात फिकट वाफ. तेराव्या दिवशी स्वच्छ निघालं. तोवर जून लागला होता आणि बाहेर सरी सुरू झाल्या होत्या.

सुकवण्याच्या मध्येच घासणी उरकली. आधी सडका भाग ओळखायला नाण्याने ठोकत जायचं. चांगलं फायबर टणटण वाजतं, थर सुटलेलं असेल तिथे आवाज बसका येतो. तिथे पेन्सिलीने खूण. ग्राइंडरला ३६ नंबरची डिस्क लावून रंग, जेलकोट आणि पांढरट पडलेलं फायबर काढत गेलो. निरोगी फायबर घासल्यावर किंचित हिरवट-पारदर्शक दिसतं, थर सुटलेलं दुधाळ. दुधाळपणा संपेपर्यंत थांबायचं नाही. वरून तळहाताएवढं दिसणारं भोक अखेर १८ बाय १२ सेंटिमीटरचं लंबवर्तुळ झालं. कोपरे ठेवू नयेत, कोपऱ्यातून तडा सुरू होतो.

त्यानंतर उतार, म्हणजे भोकाभोवतीचं फायबर बाहेरून तिरकं घासत नेणं. जाडीच्या बारा पट हे तळासाठी आमचं ठरलेलं माप. ७ मिलिमीटर जाडीला प्रत्येक बाजूने ८४ मिलिमीटर उतार, म्हणजे बाहेरची कड जवळपास ३५ बाय २९ सेंटिमीटर. भोक चिमूटभर आणि घासायचं एवढं मोठं, हे पाहून मालकाचा जीव खालीवर होतो, पण पॅचचं सगळं बळ या उतारावरच असतं. जुना पॅच उतार न करता नुसता वरून थापलेला होता. उतारावर शेवटी ८० नंबरचा कागद. फायबरची धूळ अंगात टोचते: पूर्ण बाह्यांचा सदरा, चष्मा, धुळीचा मास्क आणि काम संपल्यावर गार पाण्याने आंघोळ. गरम पाण्याने खाज वाढते. हा धुळीचा मास्क स्टायरीनच्या वासाला उपयोगाचा नाही, रेझिनच्या दिवशी कार्ट्रिजचा वेगळा मास्क लागतो.

मापं एकदा कागदावर काढली की माल वाया जात नाही. चौरस मीटरला ४५० ग्रॅमची मॅट भिजून बसली की साधारण १ मिलिमीटर होते, ६०० ग्रॅमचं रोव्हिंग (जाड धाग्यांचं विणलेलं कापड) पाऊण. पाच मॅट आणि तीन रोव्हिंग म्हणजे सव्वासात मिलिमीटर. शेवटी थोडं घासलं जातं, तेव्हा बरोबर. मॅटला तिच्या वजनाच्या सव्वादोन पट रेझिन, रोव्हिंगला वजनाइतकंच. थरांचं सरासरी क्षेत्रफळ धरून बाहेरच्या पॅचला ३२० ग्रॅमच्या आसपास रेझिन, आतून दोन मॅटच्या आधाराला ३०० ग्रॅम, ब्रश-रोलरमध्ये जाणारं आणि चाचणीचं धरून किलोचा डबा पुरतो. सगळे तुकडे आधी कापून, नंबर घालून, कोरड्या पिशवीत बंद. मॅट हवेतला ओलावा पटकन धरते. उघड्या गुंडाळीतली मॅट जुलैत वापरली तर रेझिन घातल्यावरही ढगाळ पांढरी राहते, आणि ते कितीही रोलर मारला तरी जात नाही. आम्ही तुकडे आदल्या रात्री हॅलोजनसमोर ठेवून घेतले.

आता हार्डनरचं गणित. व्हिनाइल एस्टर आणि पॉलिएस्टरला तीन गोष्टी मिळून कडक करतात: रेझिन, कोबाल्ट (वेग आणणारं द्रावण) आणि एमईकेपी (हाच इथला हार्डनर). बऱ्याच डब्यांत कोबाल्ट आधीच घातलेलं असतं, तसं लिहिलेलं असतं, मग वर आणखी घालू नये. घालायचं असेल तर बाटलीवर किती टक्क्यांचं ते पाहावं. ६ टक्क्यांचं कोबाल्ट किलोला दोन-तीन ग्रॅम भागतं, १ टक्क्याचं असेल तर त्याच्या सहापट लागतं. ‘एक झाकण’ हे माप दोन्हीला एकच कसं असेल? क्रमही पक्का: आधी कोबाल्ट घालून पूर्ण ढवळायचं, मग एमईकेपी. दोन्ही थेट एकमेकांत कधीच मिसळू नयेत, भडका उडतो, स्फोटही होऊ शकतो. दोघांच्या काठ्या, मापं, ठेवायच्या जागा वेगळ्या. एमईकेपीचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून चष्मा आणि हाताशी स्वच्छ पाण्याची बादली असल्याशिवाय बाटली उघडायची नाही.

एमईकेपी वजनाच्या १ ते २ टक्के. १०० ग्रॅम रेझिनला १ टक्का म्हणजे १ ग्रॅम, सुमारे ०.९ मिलिलिटर. थेंब मोजू नयेत, सुई काढलेली इंजेक्शनची सिरिंज आणि डिजिटल काटा वापरावा. १ टक्क्याच्या खाली गेलं तर रेझिन वरून घट्ट वाटतं, पण आतून कधीच पुरतं होत नाही. स्टायरीन मोकळं राहतं आणि पाण्यात तो भाग मऊ पडतो. नंतर ऊन देऊनही ती उणीव भरत नाही. २ टक्क्यांच्या वर गेलं तर एकदम तापतं, चिरा पडतात, आणि जास्तीचा एमईकेपी आतच राहून पॅचला कमजोर करतो. वेळ हवा असेल तर हार्डनर कमी न करता घाणी (एका वेळी कालवलेलं रेझिन) छोटी करावी, सकाळच्या गारव्यात काम करावं, डबा सावलीत ठेवावा. तापमान १० अंशांनी वाढलं की हाताशी असलेला वेळ साधारण निम्मा होतो. मे महिन्याच्या दुपारी चुकतं ते इथेच.

म्हणून त्याच दिवशी, त्याच वेळी, त्याच जागी चाचणीचा कप. १०० ग्रॅम रेझिन, १.२ टक्के एमईकेपी. व्हिनाइल एस्टरमध्ये साधा एमईकेपी घातला की फेस येतो, ताकासारखे बारीक बुडबुडे. ते बसेपर्यंत मॅटला लावू नये, नाहीतर बुडबुडे थरात अडकतात. यासाठी कमी फेसाचा एमईकेपी मिळतो, तो मिळाला तर उत्तम. आमच्या कपात फेस पाच-सहा मिनिटांत बसला आणि २९ अंशांना चोविसाव्या मिनिटाला काठीला तार सुटायची थांबून गोळा यायला लागला. पातळ थरात उष्णता साचत नाही, त्यामुळे होडीवर याहून थोडा जास्त वेळ मिळतो. पण काम कपाच्या वेळेत आटोपेल एवढीच घाणी करायची: एका वेळी २०० ग्रॅम.

काम सुरू करायची वेळ हवेने ठरवली. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र ताडपत्रीखाली टांगलेलं होतं. हवा २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दव पडायचं तापमान सव्वापंचवीस अंशांच्या आसपास येतं, आणि होडीचा पृष्ठभाग त्याहून निदान ३ अंश गरम हवा. सकाळी सातला रात्रभर गार झालेलं फायबर २६ अंशांना होतं. हाताला कोरडं लागत होतं, पण अशाच वेळी डोळ्यांना न दिसणारा ओलावा पृष्ठभागावर बसलेला असतो. हॅलोजन लावून फायबर ३२ वर आणलं, आत आर्द्रता ७० च्या खाली उतरली, तेव्हा साडेदहा वाजले होते. मग दिवा बंद करून दूर नेला.

आतून भोकाला आधार म्हणून पॉलिएस्टर फिल्म गुंडाळलेला सनमायकाचा तुकडा टेकू देऊन घट्ट बसवला. उतार अ‍ॅसिटोनच्या स्वच्छ फडक्याने एकाच दिशेने पुसला, फडकं प्रत्येक वेळी बदललं, अ‍ॅसिटोन पूर्ण उडायला पंधरा मिनिटं दिली. मळकं फडकं पुन्हा फिरवलं तर मेण आणि तेल सगळीकडे सारखं पसरतं.

सगळ्यात मोठा तुकडा आधी, मग उतरत्या क्रमाने लहान. लहानापासून सुरू करणारेही आहेत. मोठा आधी घातला की तो संपूर्ण उतारावर एकसंध बसतो आणि जुन्या फायबरला धरणारा थर सलग राहतो, म्हणून आम्ही तसं करतो. आधी उतारावर नुसत्या रेझिनचा ब्रश, मग मॅट, मग वरून रेझिन टिपत जायचं. ब्रश ओढायचा नाही, ओढला की धागे गोळा होतात. मॅट भिजायला लागते ते पाहत राहावं: आधी पांढरी, मग करडी, मिनिट-दीड मिनिटात चिकटा विरघळून धागे सैल पडतात आणि खालच्या पेन्सिलीची खूण दिसायला लागते. तेव्हाच चकत्यांचा लोखंडी रोलर, मधून बाहेर. आधी फिरवला तर मॅट उचलून येते. रोलरखाली बारीक चटचट आवाज येतो, ती निघणारी हवा. आवाज थांबला की पुढचा थर.

मॅट, मॅट, रोव्हिंग, मॅट, इतकं झाल्यावर थांबलो. चार थरांहून जास्त एका दमात घातले तर मधली उष्णता बाहेर पडायला वाट राहत नाही. पॅच पिवळा पडतो, आतून तडकतो, उतारापासून उचलला जातो. पाऊण तासाने हात लावला तर चांगलंच ऊन लागत होतं, दोन तासांत निवलं. पृष्ठभाग किंचित चिकट होता आणि तो तसाच हवा असतो: हवेतल्या ऑक्सिजनमुळे वरचा थर कच्चा राहतो आणि पुढचा थर त्यात मिसळून जातो. त्याच दिवशी उरलेले चार थर घातले. चोवीस तास उलटले असते, किंवा रेझिनमध्ये मेण असतं, तर घासूनच पुढे जावं लागलं असतं. कपात उरलेलं रेझिन पत्र्यावर पातळ पसरून उघड्यावर ठेवलं. मगात तसंच राहिलेलं पाव किलो धूर काढेपर्यंत तापतं, प्लॅस्टिकचा मग वितळतो.

दुसऱ्या दिवशी आतला आधार काढला, आतून पॅचच्या बाहेरच्या कडेपुढे ५ सेंटिमीटर सगळीकडे जाईल इतकं घासून दोन मॅट मारल्या. बाहेरचे खड्डे भरायला गाड्यांच्या डेंटिंगची पुट्टी वापरली नाही. तिच्यात टाल्क असते आणि पाण्याखाली ती ओल धरून फुगते. त्याच व्हिनाइल एस्टरमध्ये एरोसिल (घट्टपणा आणणारी सिलिकाची हलकी पूड) आणि बारीक कापलेले काचेचे धागे घालून लोण्यासारखं केलं आणि पत्तीने भरलं.

आणि मग क्युरिंग, म्हणजे रेझिन आतपर्यंत पूर्ण कडक होऊ देणं, जे बहुतेक ठिकाणी सोडूनच दिलं जातं. हाताला टणक लागलं म्हणजे झालं असं नसतं. चोवीस तास साध्या हवेत ठेवून मग ४० अंशांना सोळा तास ही आमची पद्धत. ताडपत्रीचा छोटा तंबू, आत हॅलोजन, पॅचवर टेकवलेला थर्मामीटर. जूनमध्ये वीज जाते, तेव्हा तास पुन्हा पहिल्यापासून न मोजता तापमान ४० वर आल्यापासून पुढे मोजायचे. मे महिन्यात हेच काम काळं प्लॅस्टिक आणि ऊन फुकट करून देतं.

जेलकोट शेवटी, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, दोन हातांत. जेलकोट साच्यात वापरायचा असतो तेव्हा त्यात मेण नसतं. तसाच बाहेरून मारला तर वरून कायम चिकट राहतो आणि त्यावर धूळ-माश्या बसतात. म्हणून दुसऱ्या हातात, आणि फक्त दुसऱ्याच, मेणाचं द्रावण ३-४ टक्के. पहिल्या हातात घातलं तर दुसरा हात त्यावर धरणार नाही.

सातव्या दिवशी तपासणी. एका कोपऱ्यात ८० च्या कागदाने घासून अ‍ॅसिटोनचं फडकं अर्धा मिनिट चोळलं: पृष्ठभाग चिकट झाला नाही, बोटाला काही लागलं नाही. नाक जवळ नेलं तर स्टायरीनचा वास नाही. आठवड्यानंतरही तो वास घमघमत असेल तर क्युअर अर्धवट आहे, होडी पाण्यात घालू नये, उष्णता आणखी द्यावी. पुन्हा नाणं घेऊन पॅच, उतार आणि पलीकडे वीतभर ठोकत गेलो. सगळीकडे एकच टणटण. आतल्या बाजूला पॅचशेजारी पक्क्या मार्करने तारीख, ‘व्हिनाइल एस्टर’ आणि थरांचा क्रम लिहून ठेवला, म्हणजे पुढे कोणी इथे ग्राइंडर लावला तर खाली काय आहे हे त्याला आधी कळेल.